भागोजीने मांडलेली साथ

एका जंगलात, मुलांनो, सगळं ठीक चाललं होतं. तळ्याला पाणी होतं. जाळ्यांना करवंदं होती. वाघमहाराज वेळेवर शिकार करत आणि वेळेवर झोपत. त्यामुळे तिथल्या प्राण्यांना फार कंटाळा आला होता.

पोट भरलेल्या प्राण्याला कंटाळा आला की तो काय करतो, ठाऊक आहे? आपलं जंगल जळून गेलंय अशी कल्पना करतो.

हा खेळ काढला भागोजी साळिंदराने. भागोजी तसा एकटा. अंगावर काटे, त्यामुळे कुणी पाठ थोपटत नसे, कुणी खेटून बसत नसे. भर गर्दीतही त्याच्याभोवती दोन हात जागा मोकळी राही. अशा प्राण्याला गोष्टी सुचतात.

दुपारी जेवणं झाली की बेहड्याच्या झाडाखाली खेळ बसे. खेळाचं नाव 'वणव्यानंतर'. सगळं जंगल जळालंय. राजा नाही, कायदा नाही. मूठभर प्राणी उरलेत आणि त्यांना जगायचंय. खेळणाऱ्याने एकेक सोंग घ्यायचं. भागोजी सूत्रधार. त्याने संकट सांगायचं, खेळणाऱ्यांनी आपण काय करू ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते पाच चिंचोके टाकून ठरवायचं. चिंचोके मधोमध फोडलेले. जितके पांढरे वर, तितकं नशीब चांगलं.

रोजचे खेळणारे तिघे. भिवसेन रानडुक्कर सेनापतीचं सोंग घेई. सुगंधा उदमांजर व्हायची व्यापारीण, जळक्या रानातून लपतछपत माल पोचवणारी. तिसरा नारबा ससा. नारबा एरवी वाळलं पान पडलं तरी दचकायचा. खेळात मात्र तो वैद्य होता, आणि डोक्याला पळसाचं पान बांधून ऐटीत बसायचा.

सुरुवातीला भागोजी काटे खळखळ वाजवी आणि खालच्या आवाजात म्हणे, "गड्यांनो, हा खेळ नाही. हे खरंच घडतंय."

सगळ्यांच्या अंगावर शहारे येत. फार मजा यायची.

अडचण भिवसेनची होती. भागोजीने लांडग्यांची टोळी आणली, भिवसेनने ती फाडून काढली. दोन तोंडांचा अजगर आणला. भिवसेन म्हणाला, "एका तोंडाला डावा सुळा, दुसऱ्याला उजवा." चार पांढरे पडले, अजगर संपला. सुगंधा जांभया देऊ लागली. नारबाला तर कामच नव्हतं, कारण जखमीच कुणी होत नव्हतं.

भिवसेनला सुळा मारता येणार नाही असं काहीतरी पाहिजे, असं भागोजीच्या मनाने घेतलं. तो पारूआत्याकडे गेला.

पारूआत्या ही म्हातारी घोरपड. जंगलातला औषधपाला तिच्याकडे. ती कमी बोलायची, आणि बोलली तर गोड बोलायची नाही.

"आत्या, साथ कशी पसरते?"

"कुणाला झालंय?"

"कुणाला नाही. खेळासाठी पाहिजे."

पारूआत्याने एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं. मग सांगितलं. पहिले तीन दिवस काही दिसत नाही. प्राणी हिंडतो, फिरतो, सगळ्यांबरोबर पाणी पितो आणि रोग वाटत सुटतो. मग खोकला. मग ताप. आधी पाणवठा बंद करायचा. एकवीस दिवस ज्याने त्याने आपापल्या बिळाशी राहायचं. रोगाला नवं अंग मिळालं नाही की तो विझतो.

"आणि औषध?"

"अडुळसा चघळला की छाती मोकळी होते. रोग जात नाही. हे खेळात नीट सांग. खऱ्या साथीत कुणी ऐकत नाही."

तिने दोन साथी पाहिल्या होत्या. दुसरीत तिची पाच पिल्लं गेली होती. तेही तिने शेवटी सांगितलं. ते भागोजीने खेळात घेतलं नाही.

रोगाला त्याने नाव दिलं राखखोकला.

"तुमच्यातला एक जण आजारी आहे," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "कोण, ते मी सांगणार नाही."

भिवसेन ताडकन उभा राहिला. "कुठंय तो? सुळा कुठे मारू?"

"कुठेच नाही. कदाचित तुझ्याच श्वासात असेल."

भिवसेन बराच वेळ आपल्या नाकाच्या शेंड्याकडे बघत राहिला.

पहिल्या डावात तिघेही मेले. भिवसेन इतका रुसला की दोन दिवस त्याने कंद उकरला नाही. तेव्हा त्याची समजूत काढायला भागोजीने एक नियम केला. मेलेल्याने एक डाव बाहेर बसायचं आणि पुढच्या डावात नवं सोंग घेऊन परत यायचं.

हळूहळू तिघे शिकले. सुगंधाने आपला व्यापार आपणच बंद केला. नारबा रोग्याला खरं काय ते सांगू लागला. सेनापती भिवसेन तर एकवीस दिवस गुहेत एकटा बसला. खेळातले एकवीस दिवस म्हणजे चिंचोक्यांचा एक फेर, पण बसला. त्या डावात त्यांनी चाळीस अनाथ खारी वाचवल्या. एकही खार प्रत्यक्षात नव्हती, तरी भिवसेनने डोळे पुसले.

बघे जमू लागले. वानर फांद्यांवर, चितळं गवतात. असे नऊ राखखोकले त्या तिघांनी जिंकले. जंगलात त्यांचं नाव झालं.

आणि मग, मुलांनो, जंगलात खरा खोकला आला.

तो कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आधी चितळांच्या कळपात तिघे खोकू लागले. पारूआत्या त्यांना बघून आली आणि तडक दरबारात गेली. भागोजीही मागोमाग गेला, कारण तिने सांगितलेली लक्षणं त्याला पाठ होती.

"महाराज, तळं बंद करा," पारूआत्या म्हणाली. "आजच."

वाघमहाराजांनी दिवाणजी कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याने विचारलं, "आत्या, आजवर किती साथी पाहिल्यात आपण?"

"दोन."

"भागोजीच्या मंडळींनी नऊ पाहिल्यात. आणि नऊच्या नऊ जिंकल्यात." कोल्हा महाराजांकडे वळला. "आपल्याकडे जाणकार असताना घाबरायचं कशाला?"

भागोजी पुढे झाला. "महाराज, आम्ही एकही खरा रोगी पाहिलेला नाही."

"विनय आहे," कोल्हा म्हणाला.

"विनय नाही, दिवाणजी. तेव्हा मी रचत होतो. आत्या सांगते ते करा. गड्यांनो, हा खेळ नाही. हे खरंच घडतंय."

हे त्याच्या तोंडून सवयीने गेलं. पण दरबारात आनंदाची लहर उठली. वानरांनी फांद्या हलवल्या. "सुरू झाला, सुरू झाला," असं म्हणत सगळे सरसावून बसले.  पुन्हा सांगावं म्हणून भागोजीने तोंड उघडलं, पण दुसरे शब्द त्याच्याकडे नव्हते. सगळे चांगले शब्द त्याने खेळात वापरून टाकले होते.

त्याच दिवशी भागोजीच्या मंडळींचं साथनिवारण मंडळ नेमलं गेलं. नारबा राजवैद्य झाला. मंडळाच्या नावाने दिवाणजींनी हुकूम काढला. प्रत्येकाने तळ्यावर येऊन चिंचोके टाकावेत. तीन किंवा अधिक पांढरे पडले तर तो निरोगी, त्याने पाणी प्यावं. कमी पडले तर पुन्हा टाकावेत.

सबंध जंगल तळ्यावर लोटलं. रांग पार बांबूच्या बेटापर्यंत गेली. तेच पाच चिंचोके या तोंडातून त्या तोंडात जात होते. दिवस मावळायच्या आत सगळं जंगल निरोगी ठरलं.

तीन दिवसांनी सगळं जंगल खोकू लागलं.

पारूआत्या वारुळावर चढून सांगत राहिली. तळ्यावर जाऊ नका, ओढ्याच्या वाळूत आपापला झिरा उकरा, त्यात पाझरेल तेवढं पाणी प्या. सहा दिवस ती हेच सांगत होती. कुणी म्हणालं, म्हातारी भीती पसरवते. कुणी म्हणालं, हिला मंडळात घेतलं नाही म्हणून जळते. वानरांनी तिला बेहडे फेकून मारले.

नारबा मात्र बदलला. राजवैद्याने पहाऱ्यात बसायचं असतं, पण तो रोग्यांकडे जाऊ लागला. पळसाचं नवं पान बांधून तो या जाळीतून त्या जाळीत अडुळसा पोचवत होता. पान पडल्याने दचकणारा ससा खोकणाऱ्या तरसाच्या तोंडाशी जाऊन बसायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "वैद्य मी आहे ना."

नवव्या दिवशी तो उठला नाही. भागोजी त्याच्या झुडपाबाहेर जाऊन बसला.

"भागोजी," नारबा आतून म्हणाला, "मी चिंचोके टाकून पाहिले. पाचही पांढरे पडले."

"बरं झालं."

"तरी ताप उतरत नाही. नियमात काही चुकलंय का?"

भागोजीने जमिनीकडे पाहिलं. "नियम बरोबर आहे, नारबा. जंगल वेगळं आहे."

नारबा आत कुशीवर वळला. मग म्हणाला, "त्या चाळीस खारी आपण वाचवल्या होत्या, नाही?"

"तूच वाचवल्यास."

"मग ठीक आहे," नारबा म्हणाला. संध्याकाळच्या आत तो गेला.

भागोजी सांगायला म्हणून भिवसेनच्या बिळाकडे गेला. भिवसेन तळ्याकडे निघाला होता. त्याला चार दिवस सांगून झालं होतं की जाऊ नकोस. तो म्हणायचा, मला काही होत नाही.

"नारबा गेला," भागोजी म्हणाला.

भिवसेन थांबला. त्याचे कान खाली पडले. मग तो घाईघाईने म्हणाला, "म्हणजे एक डाव बाहेर. पुढच्याला येईल. मी त्याची जागा धरून ठेवतो."

आणि तो तळ्याकडे जायचा विसरून बेहड्याखाली गेला आणि नारबाच्या जागेशेजारी बसला. हालेना.

भागोजी त्याच्याकडे बघत राहिला. चार दिवस खरं सांगून हा प्राणी एक पाऊल थांबला नव्हता. एका खोट्या नियमासाठी तो दगडासारखा बसला होता. भागोजीला रडू येत होतं, आणि त्याच वेळी काय करायचं ते कळलंही होतं. दोन्ही एकदम होतं कधीकधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वारुळावर चढला आणि त्याने काटे वाजवले.

"मोठा डाव," तो म्हणाला. "नाव 'एकवीस दिवस'. सबंध जंगल खेळणार. तळ्याला शिवला तो बाद. बिळापासून दहा पावलांपुढे गेला तो बाद. मात्र झिऱ्यावर दिवसातून एकदा जायची सूट, तेही एकट्याने आणि ज्याच्या त्याच्या झिऱ्यावर. खोकला येतो त्याने बिळाच्या तोंडाशी पळसाची डहाळी लावायची, त्याच्याकडे फिरकला तो बाद. लपवलं तर सगळं घर बाद. एकवीस दिवस टिकेल तो जिंकला."

 मग प्रश्नांचा पाऊस पडला. दहा पावलं कुणाची, हरणाची की कासवाची? पिल्लू बाद झालं तर आई बाद का? फांदीवरच्या वानराने पावलं कशी मोजायची? पारूआत्याला सहा दिवसांत एकानेही एवढं काही विचारलं नव्हतं.

भागोजीने सगळ्यांची उत्तरं दिली. दुपारपर्यंत तळं ओस पडलं, भिवसेनही बेहड्याखालून उठून बिळात गेला. ओढ्याच्या वाळूत जागोजागी झिरे उकरले गेले. वानर झाडांवरून पाळत ठेवू लागले आणि कुणी अकरावं पाऊल टाकलं की ओरडू लागले.

पारूआत्या वारुळाच्या पायथ्याशी आली. "मी हेच सांगत होते."

"तुम्ही खरं म्हणून सांगत होतात, आत्या," भागोजी म्हणाला.

पहिल्या आठवड्यात आणखी काही गेले. दुसऱ्यात डहाळ्या कमी होऊ लागल्या. सुगंधाच्या बिळाशी लागलेली डहाळी बाराव्या दिवशी तिनेच खाली काढली. नंतर नवी डहाळी लागली नाही. पण पारूआत्या म्हणाली, पुरते एकवीस हवेत, एकही कमी नको.

अठराव्या दिवशी भागोजीला दरबाराचं बोलावणं आलं. सूत्रधाराला फिरायची मुभा होती. महाराज गुहेच्या तोंडाशी बसले होते. बाकीचे प्राणी आपापल्या बिळांतून कान टवकारून ऐकत होते.

"अकरा प्राणी गेले," कोल्हा म्हणाला. "महाराजांना फार दुःख झालं आहे. तेव्हा चौकशी करणं भाग आहे. ही साथ होती की खेळ होता?"

भागोजीने महाराजांकडे पाहिलं.

"साथ असेल," कोल्ह्याने समजावून सांगितलं, "तर तळं वेळेवर बंद का केलं नाही, असा प्रश्न निघेल. असा प्रश्न निघणं जंगलाच्या हिताचं नाही. खेळ असेल, तर अकरा जण ज्याच्या खेळात गेले त्याने उत्तर द्यावं. बोला. काय होतं?"

भागोजीने मागे वळून पाहिलं. बिळाबिळांतून डोळे लुकलुकत होते. अठरा दिवस झिऱ्याचं गढूळ पाणी चाटून पाडसांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. हा खेळ नव्हता असं त्याने आता म्हटलं असतं, तर नियम गेले असते. नियम गेले असते तर ऊन चढायच्या आत सगळी पाडसं तळ्यावर असती. अजून तीन दिवस होते.

"खेळ होता, महाराज," तो म्हणाला. "मी मांडला."

"अकराही तुझ्याकडे?" महाराजांनी विचारलं.

भागोजीला नारबाचं पळसाचं पान आठवलं. "माझ्याकडे," तो म्हणाला.

महाराजांनी निवाडा दिला. भागोजीने नदी ओलांडून पलीकडे जावं, पुन्हा अलीकडे येऊ नये. दयाळू निवाडा आहे, असं कोल्हा म्हणाला. निघायचं लगेच होतं.

वाटेत भिवसेनचं बीळ लागलं. भिवसेन आतच होता. दहा पावलांवर भागोजी थांबला.

"चाललास?" भिवसेनने आतून विचारलं.

"हो."

"नदीपर्यंत सोडायला आलो असतो. पण तीन दिवस राहिलेत."

"नको येऊस. जिंकशील."

भिवसेन बिळाच्या तोंडाशी आला. मग अगदी हळू म्हणाला, "नारबाचं मला माहीत आहे रे. पहिल्यापासून माहीत आहे."

भागोजी जागीच उभा राहिला.

"पण ते खरं धरलं, तर मी इथे एक घटकाही बसू शकणार नाही," भिवसेन म्हणाला. "उठेन आणि कुठेतरी डोकं आपटेन. खेळ आहे, म्हणून बसलोय. एवढं मोडू नकोस."

"मोडत नाही," भागोजी म्हणाला, आणि नदीकडे गेला.

पलीकडच्या तीरावर त्याने एक बीळ खणलं. तीन दिवस तो पाण्याच्या कडेला बसून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी पलीकडून मोठा गलका ऐकू आला. ढोल बडवल्यासारखे वानर खोडं बडवत होते.

दुपारी पारूआत्या पोहत आली. अंग झटकून ती त्याच्याजवळ बसली, काट्यांना लागून. तिची कातडी जाड होती.

"एकही नवा नाही," ती म्हणाली. "संपलं."

भागोजीने डोळे मिटले. मग त्याने विचारलं, "जिंकलं कोण?"

"महाराज. ते गुहेतून सगळ्यात शेवटी बाहेर आले. झोपले होते. आता त्यांचा सत्कार चाललाय तळ्यावर."

"आणि भिवसेन?"

"सत्काराला गेला नाही. ससुल्यांना झिरा उकरायला शिकवतोय. कशाला, विचारलं तर सांगत नाही."

भागोजीने मान हलवली. नदीचं पाणी दोघांच्या समोरून जात राहिलं. शेवटी त्याला राहवलं नाही. कितीही झालं तरी तो खेळ रचणारा होता.

"आत्या, खेळाबद्दल काय म्हणतात सगळे?"

"आवडला," पारूआत्या म्हणाली. "नियम पक्के होते म्हणतात. पिल्लांनाही खेळता आला."  तिला गोड बोलता येत नव्हतं. "फक्त एक तक्रार आहे. रोग काही खरा वाटला नाही म्हणतात."

तात्पर्य : संकट खोटं असल्याची एकदा खात्री पटली, की प्राणी अत्यंत जबाबदारीने वागतात. म्हणून मुलांनो, मोठे झाल्यावर कुणाचा जीव वाचवावासा वाटला, तर आधी त्याला नीट फसवा. खरं बोलायची हौस असेल, तर तेही अवश्य बोला. ते संसर्गजन्य नसतं.